छाट

देवनागरी अक्षर कागदावर उमटतं बोरूच्या टोकातून, पण त्याचं रूप ठरतं ते बोरूच्या छाटीवर. हे मला चित्रकलेच्या कॉलेजात जाण्याआधीच ठाऊक होतं. आमचे आजोबा तलाठी होते आणि त्यांच्या फडताळात बोरूच्या कांड्या सुतळीने बांधून ठेवलेल्या असत. ओढ्याकाठचा बोरू सावलीत वाळवून ते स्वतः तासत. आधी कांडीचं एक टोक तिरकं उडवायचं, मग आतला भुसभुशीत गर खरवडून ते पातळ करायचं, मग शाई उतरावी म्हणून मधोमध बारीक चीर द्यायची. शेवटी टोक लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवायचं आणि चाकूच्या एकाच दाबात छाट घ्यायची. दुसरा दाब द्यावा लागला तर ते तो बोरू बाजूला ठेवत आणि नवा घेत.

छाट कुठल्या बाजूला कलती, यात सगळं आहे. रोमन अक्षरांसाठी कलम ज्या बाजूला छाटतात त्याच्या बरोबर उलट बाजूला देवनागरीची छाट असते. त्यामुळे वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारा फराटा जाड उमटतो आणि डावीकडून उजवीकडे उतरणारा बारीक होतो. ‘र’चा पाय म्हणूनच बारीक. आजोबांनी हे कधी शब्दांत सांगितलं नाही. बोरू हातात द्यायचे, कित्ता पुढे ठेवायचे आणि म्हणायचे, “बाळ, हात फिरव. बोरू फिरवू नको.”

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा दिल्या, तेव्हा भूमिती आणि अक्षरलेखन हे एकाच पेपरात भेटले. चौकटी आखायच्या, त्यांत अक्षर बसवायचं आणि पट्टीने कडा रेखायच्या. महाराष्ट्रातल्या हजारो मुलांनी अक्षराकडे ‘काढायची’ गोष्ट म्हणून पहिल्यांदा पाहिलं ते या परीक्षांमुळे, आणि मला या परीक्षांबद्दल मनापासून आदर आहे. खेड्यातल्या मुलीला मुंबईच्या आर्ट स्कूलचा रस्ता दाखवणारं दुसरं काही तेव्हा नव्हतं.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात उपयोजित कलेचा विभाग १९३५ साली सुरू झाला आणि १९६१मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. आम्ही मात्र तिला ‘कमर्शिअल’च म्हणायचो. समोर क्रॉफर्ड मार्केट. त्याच्या दारावरची शेतकऱ्यांची दगडी शिल्पं लॉकवूड किपलिंगची, आणि हे किपलिंग जे. जे.मध्येच शिकवत. स्केचिंगला आम्ही त्या दाराशी बसायचो. कागद, माउंट बोर्ड आणि रंगांच्या बाटल्यांसाठी अब्दुल रेहमान स्ट्रीट गाठायचो. परत येताना लोकलच्या गर्दीत पोर्टफोलिओ डोक्यावर धरून उभं राहायचो.

प्रोजेक्ट एकामागून एक अंगावर यायचे. रक्तदानाचं पोस्टर झालं की चहाचं पाकीट, ते झालं की सहकारी बँकेचं बोधचिन्ह, मग पर्यटनाची सहा जाहिरातींची मालिका. प्रत्येक वेळी भाषा वेगळी, रंग वेगळे, गिऱ्हाईक वेगळं. थंबनेल काढायची, त्यातली दोन निवडायची, मोठी करायची, रात्रभर पोस्टर कलर सपाट बसवत राहायचं आणि सकाळी सबमिशन. चहाच्या पाकिटाबद्दल आज सांगण्यासारखं काही नाही. बोधचिन्हाबद्दलही नाही. ती कामं हात तयार होण्यासाठी असतात आणि हात त्यांनी तयार झाला.

लग्नपत्रिकेचं काम मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. सरांनी आम्हाला गिरगावात खाडिलकर रोडला पाठवलं. पत्रिकांची दुकानं ओळीने होती आणि मागच्या गाळ्यांमध्ये छापखाने. तिथे एक जुळारी खिळे जुळवत होते. डाव्या हातात स्टिक, उजवा हात केसकडे न बघता खणाखणांतून फिरत होता. रोमन लिपीच्या केसपेक्षा देवनागरीची केस कितीतरी मोठी, कारण अक्षरं आली, जोडाक्षरं आली, वर मात्रा आणि खाली उकार आले. त्यांनी एक खिळा माझ्या तळहातावर ठेवला. उलटा ‘क्ष’ होता. मी तो उजेडाकडे तिरका धरला आणि त्याच्या जाड-बारीक कडांमध्ये मला आजोबांची छाट दिसली. शिशात ओतलेली, झिजलेली, पण तीच. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांनी त्याच्यासाठी अक्षरं कोरली, हे आम्ही वर्गात शिकलो होतो. आरूंनी पोलादात कोरलेलं वळण हे बोरूचंच वळण होतं, हे मला त्या खिळ्याने शिकवलं. धातूला बोरूची काही गरज नव्हती. तरी त्यांनी ते जपलं. मराठी पुस्तकं आपल्याला इतकी वर्षं डोळे न दुखवता वाचता आली, त्यामागे त्या माणसाचा हा निर्णय आहे असं मी मानते.

त्याच वर्षी रविवारच्या वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान कापून वहीत चिकटवायचा अभ्यास होता. कमल शेडगे यांची अक्षरं तेव्हा त्या पानावर राज्य करत होती. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’पासून कितीतरी नाटकांची नावं त्यांनी काढली, आणि नाव वाचण्याआधी नाटकाचा स्वभाव कळावा अशी काढली. त्यांच्या कामात छाट शोधायला गेले तर ती ठिकठिकाणी मोडलेली सापडली. कुठे ब्रश, कुठे पट्टी, कुठे फाटलेल्या कागदाची कड. पण नीट पाहिलं तर शिरोरेषा आणि काना यांचं नातं कुठेही सुटलेलं नव्हतं. मोडायचं कुठे हे त्यांना कळत होतं, कारण जोडलेलं कुठे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेवटच्या वर्षी दिवाळी अंकाचं काम घेतलं. मुखपृष्ठ आणि आतली सगळी शीर्षकं. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे चित्रकाराला वर्षातून एकदा पूर्ण अंक हातात मिळतो. दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’त या संधीचं सोनं केलं. मला शीर्षकं मोडीच्या वळणावर हवी होती, म्हणून पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन जुने कागद पाहिले. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा आखून घेतात आणि मग अक्षरं त्या रेघांना लटकत जातात. बोरू जमेल तितका न उचलता लिहायचं. वेगामुळे अक्षरं गोलावतात, एकमेकांत शिरतात, तरी जाड-बारीक जागच्या जागी असतं, कारण हात धावत असला तरी छाट स्थिर असते. आजोबांचे फेरफार मोडीतले होते. लहानपणी ती पानं मला निव्वळ नक्षी वाटायची. आता त्यांतला प्रत्येक फराटा कुठून कुठे गेला हे सांगता येऊ लागलं. २०२३मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायला मोडी वाचणारी माणसं गावोगाव हवी झाली, तेव्हा मला फार वाटलं की ही लिपी आपण शाळेतून इतक्या सहज जाऊ द्यायला नको होती.

नोकरीला लागले तोवर कॉम्प्युटर आला होता. डीटीपीच्या दुकानांतून देवनागरी फॉन्ट मिळू लागले आणि त्यांतले बरेचसे इंग्रजी अक्षराच्या साच्यातून काढलेले होते. जाड बाजू चुकीकडे. सामान्य वाचकाला कारण सांगता येत नाही, पण परिच्छेद वाचताना तो थकतो. म्हणून र. कृ. जोशी यांचं नाव मी प्रत्येक बॅचला पहिल्याच तासाला सांगते. सुलेखनकार, कवी, शिक्षक. आणि विंडोजबरोबर घराघरांत गेलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांनी घडवलेला. बोरू धरणारा माणूस थेट कॉम्प्युटरच्या आत गेला, हे मराठीचं भाग्य. आता ‘एक टाइप’सारख्या संस्थांचे ‘मुक्ता’, ‘बलू’ हे फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतात. मराठी वळणाचा पाकळ्यांचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ फॉन्टमध्येच बसवता येतात. फक्त मजकुराचा तो भाग मराठी म्हणून नोंदवायला हवा, आणि तेवढे कष्ट आपण घेत नाही याचं मला वाईट वाटतं.

मी आता पुण्यातल्या एका कॉलेजात शिकवते. मुलांच्या पोर्टफोलिओत अॅपचे आयकॉन असतात, हलती अक्षरं असतात, लोणच्याच्या बरणीची लेबलं असतात. पालक विचारतात, “मॅडम, इतकं सगळं करते, पण हिची स्वतःची शैली कोणती?” विशीतल्या मुलीकडे शैली मागूच नये. तिने सगळं करावं. फक्त एखादी गोष्ट अशी असावी की जी गिऱ्हाईक बदललं तरी तिच्या हातातून सुटत नाही.

यंदा लातूरकडची एक विद्यार्थिनी तिच्या गावातल्या पेंटरच्या पाट्यांवरून फॉन्ट करते आहे. फ्लेक्सने त्याचं काम काढून घेतलं. गिरण्यांवर, सलूनवर, दूध डेअरीवर ज्या पाट्या उरल्या त्यांचे तिने फोटो काढले. पेंटरचा ब्रश सपाट आणि तो भिंतीवर उभ्याने रंगवणार, तेव्हा छाट वेगळी. आधी तिने स्क्रीनवरच आकार गिरवले आणि ते मेल्यासारखे आले. मग ती पुन्हा गावी गेली आणि दोन दिवस त्या काकांच्या शेजारी डबा धरून उभी राहिली. काना रंगवताना ते ब्रश शेवटाला किंचित वळवतात आणि म्हणून त्यांच्या कान्याला खाली टोक येतं, हे तिला तिथे कळलं. आता स्वर आणि साधी व्यंजनं झाली आहेत. ‘द्ध’ आणि ‘ट्ट’ अजून बसत नाहीत, कारण एकाखाली एक आले की खालच्या अक्षराला ते टोक मावत नाही. काकांनी गावात कुठे ‘प्रसिद्ध’ लिहिलंय का, ते ती शोधते आहे.