कंबरेवरची पिशवी

ट्रेकला जाणारी तरुण मुलं भेटली की हमखास विचारतात, "सर, आर्मीवाल्यांसारखी कंबरेची बॅग कुठली घेऊ?" माझ्या उत्तराने त्यांचा थोडा हिरमोड होतो, कारण मी कंपनीचं नाव सांगत नाही. उलट विचारतो, आत काय ठेवणार? आणि ते अंधारात, एका हाताने, न बघता काढता येईल का?

मोलाची वस्तू कंबरेला बांधायची आपली सवय जुनीच. बाजाराला निघालेला माणूस पैसे कशात घालून कंबरेला आवळायचा, बाया कनवटीला लावायच्या. हातातली थैली कुठेतरी विसरते, कंबरेचा कसा अंगाबरोबर घरी येतो. सैन्यातला तर्क यापेक्षा फार वेगळा नाही. पाठीवरच्या पिठ्ठूत मुक्कामाचं सामान असतं आणि गोळीबार सुरू झाला तर तो तिथेच टाकून पुढे सरकावं लागतं. पिठ्ठू गेला तर एक रात्र कुडकुडत काढता येते. कंबरेवर मात्र तेवढंच ठेवायचं, ज्याच्याशिवाय ती रात्र निघणार नाही.

हे डोक्यात शिरण्याआधी माझ्या अंगात शिरलं होतं, एनडीएत. एफएसएमओ, म्हणजे फील्ड सर्व्हिस मार्चिंग ऑर्डर, पहिल्यांदा चढवली तेव्हा ते जाड सुती वेबिंग बघून मला हसू आलं होतं. 1937 सालच्या ब्रिटिश नमुन्याच्याच वंशातलं ते. त्या नमुन्याचे पुढचे दोन पाऊच ब्रेन गनच्या मॅगझिन बसाव्यात या मापाने बेतलेले होते. हसू टिकलं नाही. पट्टा एक बोट ढिला राहिला की पाण्याची बाटली प्रत्येक पावलाला मांडीवर बसते. सिंहगडाच्या चढावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत किती पावलं होतात ते मोजायला शुद्ध नसते, पण मांडीला कळतं. आमचे एक उस्ताद म्हणायचे, "पट्टा तुम टाइट करो, नहीं तो पट्टा तुमको टाइट करेगा." रगड्याच्या त्या दिवसांतलं मला शब्दशः आठवणारं हे एकच वाक्य.

आता वजनाचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, यात कुठली कंपनी काही करू शकत नाही. एके-47 च्या 30 गोळ्याच अर्धा किलोच्या आसपास भरतात. लोखंडी मॅगझिन धरली तर पाऊण किलोच्या वर. अशा चार मॅगझिन कंबरेला लटकवून डोंगर चढणाऱ्याची पाठ दुसऱ्या दिवशी बोलते. म्हणून दारूगोळा छातीवरच्या वेस्टमध्ये आणि कंबरेच्या पिशवीत हलकं पण निकडीचं. माझा स्वतःचा हिशेब दीड किलोचा. त्यावर गेलं की पिशवी नाचायला लागते, आणि नाचणारी पिशवी आवाज करते.

बांधायची कुठे, यावर मेसमध्ये दोन मेजर तासभर भांडलेले मी पाहिले आहेत. समोर बांधली तर रांगता येत नाही, पोट जमिनीला लागतच नाही. बरोबर मागे बांधली तर जिप्सीत टेकता येत नाही आणि पिठ्ठूचा तळ तिच्यावर आपटत राहतो. मी उजव्या खांद्यावरून रायफल चालवतो, त्यामुळे माझी पिशवी डाव्या कुल्ल्याच्या जरा मागे. डाव्या हाताने ओढली की पुढे सरकते, काम झालं की परत मागे. डावखुऱ्याने उलटं करावं.

पण हे सगळं तपशिलाचं. पिशवीबद्दल जे खरं शिकलो ते उत्तर काश्मीरमध्ये, राष्ट्रीय रायफल्समध्ये असताना. आमच्या कंपनीचे सुभेदार साहेब कुमाऊंचे. मितभाषी माणूस, पण एका गोष्टीत हट्टी. कंपनीतल्या प्रत्येक जवानाची पिशवी आतून सारखी लागली पाहिजे. डाव्या कप्प्यात फर्स्ट फील्ड ड्रेसिंग आणि रक्त थांबवायचा आवळपट्टा, बाकी काही नाही. मधल्या कप्प्यात लाल काचेचा टॉर्च, सेल, नायलॉनची दोरी, चिंदी आणि तेलाची कुपी. उजवीकडे गूळ-चणे. नव्या पोरांना वाटायचं, पिशवी माझी, मला हवं तसं लावीन. साहेब त्यांच्या डोळ्यांवर मफलर बांधायचे आणि शेजारच्याच्या कंबरेवरून ड्रेसिंग काढायला सांगायचे. स्वतःच्या नाही, शेजारच्याच्या. जखमीवर पट्टी बांधायची ती जखमीचीच, हा नियम. आपली त्याला दिली आणि पुढच्या मिनिटाला आपल्याला लागलं, तर आपल्यासाठी काय उरलं?

मक्याची कापणी चालू असतानाची रात्र होती. नाल्याच्या काठी अक्रोडाच्या झाडांखाली आम्ही दबा धरून होतो. जास्त सांगत नाही, सांगायचंही नसतं. पहिल्या फैरीतच एका जवानाच्या मांडीत गोळी घुसली. टॉर्च लावणं शक्य नव्हतं, लावला असता तर दुसरी फैर त्या उजेडावर आली असती. त्याचा जोडीदार, जेमतेम दोन वर्षं नोकरी झालेला पोरगा, त्याच्या अंगावर आडवा पडला. मी दहा-बारा पावलांवर होतो. मला दिसलं काहीच नाही, फक्त ऐकू आलं. बकल सुटल्याचा आवाज नाही, चाचपडणं नाही, झिपचा एक छोटा सूर आणि मग दातांनी वेष्टण फाडल्याचा आवाज. आवळपट्टा चढला, ड्रेसिंग दाबून बसलं. मग त्या पोराने कुजबुजत वेळ सांगितली, पट्टा कधी आवळला ती. तीही सवय सुभेदार साहेबांचीच.

उजाडल्यावर ब्लँकेट आणि दोन काठ्यांच्या स्ट्रेचरवरून त्याला रस्त्यापर्यंत आणलं, पुढे श्रीनगरला. पाय वाचला. थोडा लंगडतो. चंब्याचा आहे, दर हिवाळ्यात मला तिकडचा राजमा पाठवतो. सुभेदार साहेब निवृत्त होऊन गावी गेले. फोनवर पोरांची चौकशी करतात, पण त्या रात्रीचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

म्हणून दुकानात पिशवी बघताना मी डोळे मिटतो. विक्रेते चमकतात, चमकू दे. झिप एका ओढीत उघडते का, कप्पे आत एकमेकांत सांडतात का, ते बोटांना विचारायचं. वेल्क्रोचा चर्रर्र आवाज शांत रात्री लांबवर जातो. ट्रेकला त्याने बिघडत नाही, मला तो सहन होत नाही एवढंच. बाहेर एकेक इंच रुंदीच्या आडव्या पट्ट्यांच्या ओळी शिवलेल्या असतात, अमेरिकी मोले पद्धतीच्या. त्यांवर आणखी पाऊच अडकवता येतात. येतात म्हणून अडकवू नका. कंबर म्हणजे ख्रिसमसचं झाड नव्हे.

आणि रंग. कॉम्बॅट डिझाइनची पिशवी कृपा करून घेऊ नका. 2016 च्या जानेवारीत पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला तेव्हा अतिरेकी लष्करी वेशात आले होते. त्यानंतर नागरिकांनी असे कपडे वापरू नयेत, असं आवाहन सैन्याने केलं. 2022 च्या आर्मी डेला नवा गणवेश आला, त्याच्या डिझाइनचीही रीतसर नोंदणी झाली आहे. साधी मातकट किंवा काळी पिशवी सह्याद्रीत पुरते.

बाकी मुलूख पाहून. राजस्थानात रेती झिपच्या दातांत बसते, तिथे जुना दाताचा ब्रश आणि मेणबत्तीचं मेण जवळ ठेवा. ईशान्येच्या पावसात "वॉटरप्रूफ" या शब्दावर विसंबू नका, आत दुधाची धुतलेली प्लास्टिक पिशवी घाला. बर्फात हातमोजे घातलेल्या बोटांना झिपची ती टिचभर पत्री सापडतच नाही. ती काढून तिथे दोरीचा चार बोटं लांब तुकडा गाठ मारून बांधा, आणि डाव्या कप्प्याच्या दोरीला एक गाठ जास्त.