चोविसावा पोर्ट

आमच्या हॉस्टेलमध्ये कुणीही यावं, केबल खुपसावी आणि नेट वापरावं, असा कारभार होता. तो थांबवायला सरांनी मला स्विचवर ८०२.१एक्स लावायला सांगितलं.

आयट्रिपलईचं हे मानक २००१ सालचं. कल्पना साधी. प्रत्येक पोर्ट म्हणजे बंद दार. लॅपटॉपने नाव-पासवर्ड सांगायचा, स्विचने रेडियस सर्व्हरला विचारायचं, होकार आला की दार उघडायचं. तोवर ओळख पटवण्याचे निरोप सोडून काहीच आत जात नाही. आपला वॉचमन रजिस्टर बघून सोडतो ना, अगदी तसंच!

सर्व्हरचा पत्ता दिला, दोन्हीकडे एकच सीक्रेट टाकलं आणि झोकात १ ते २४ सगळ्या पोर्टवर कमांड मारली. अख्खा मजला गार! पासवर्ड बरोबर, तरी नेट कुणालाच नाही. मोबाईलला तर आमच्याकडे रेंजच नसते. रात्री अकराला रूममेट समोर उभा. "अरे, बारापर्यंत स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचाय माझा!"

माझे हातपाय गळाले. मग डोक्यात प्रकाश पडला. २४ नंबरचा पोर्ट सर्व्हरकडे जाणारा! तोच बंद केल्यावर स्विच बिचारा विचारणार कुणाला? कन्सोल केबल घेऊन जिन्याखालच्या रॅकपाशी पळालो, तेवढा पोर्ट मोकळा केला. अकरा चाळीसला नेट आलं. फॉर्म गेला.

तो काही बोलला नाही. सकाळी कटिंगचे पैसे मात्र मीच दिले. आता नवीन काहीही आधी एकाच पोर्टवर करून बघतो, आणि तो पोर्ट माझ्याच खोलीचा असतो.