दोन शेवटांचा शोले

सिनेमा पाहावा की पाहू नये यावर आमच्या मोहल्ल्यात जितक्या चर्चा झडल्या, तितकेच सिनेमे पाहिलेही गेले. त्यातही ‘शोले’ला वेगळी सवलत होती. घरात टीव्ही येऊ न देणारे आमचे दादाजान लग्नघरच्या लाऊडस्पीकरवर गब्बरचे संवाद लागले की कान देऊन ऐकत. गाण्यांबरोबर या चित्रपटाच्या संवादांच्याही तबकड्या निघाल्या, पुढे कॅसेटी आल्या. त्यामुळे ज्याने शोले पाहिला नाही त्यालाही तो पाठ असायचा. अब्बांनी तो तालुक्याच्या टॉकीजमध्ये पाहिला. आम्ही केबलवर, जाहिरातींच्या मधून मधून पाहिला. आमच्या वर्गातली मुले आज तो मोबाइलवर, एक पैसा न देता, हवा तो भाग पुढे-मागे करून पाहतात. तीन पिढ्यांनी एकच चित्रपट पाहिला असे आपण म्हणतो, पण तिघांनी पाहिलेला शोले एक नाही.

हे आमच्या ध्यानी आणून दिले ते नववीच्या वर्गाने. मधल्या सुट्टीत दोन मुलांची जुंपली होती. एक म्हणत होता, “सर, आखिर में पुलिस आती और गब्बर को पकड के ले जाती.” दुसरा त्याला खोटे पाडत होता, “नै सर, मेरे मोबाइल में तो गब्बर मर जाताय. ठाकूर मारताय उसको.” दोघेही शपथा घ्यायला तयार. आणि गंमत अशी की दोघेही खरे बोलत होते.

शोले १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी ५१ दिवसांपूर्वी, २५ जूनला, देशात आणीबाणी जाहीर झाली होती. दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेला मूळ शेवट असा होता : हात नसलेला ठाकूर खिळे लावलेल्या बुटांनी गब्बरला तुडवतो आणि शेवटी खांबाच्या टोकदार खिळ्यावर ढकलून त्याचा जीव घेतो. सेन्सॉरला हे मान्य झाले नाही. एवढी हिंसा नको, आणि लोकांनी कायदा हातात घ्यावा असा धडा तर मुळीच नको, असे त्यांचे म्हणणे. सिप्पींनी हुज्जत घातली, पण उपयोग झाला नाही. शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. नव्या शेवटात ऐनवेळी पोलीस येतात, गुन्हेगाराला शिक्षा देण्याचा अधिकार कायद्याचा आहे हे ठाकूरला समजावतात आणि गब्बरला घेऊन जातात. मुंबईच्या मिनर्व्हा टॉकीजमध्ये हा चित्रपट ५ वर्षांहून अधिक काळ चालला, तो याच शेवटासह. अब्बांनी पाहिला तोही हाच.

कापलेली मूळ प्रत जगापुढे आली ती १९९० मध्ये, इंग्लंडमध्ये निघालेल्या व्हिडिओ कॅसेटवर. पुढे डीव्हीडीचा जमाना आला तेव्हा दोन्ही प्रती मिळू लागल्या. एक १९८ मिनिटांची, सेन्सॉरने पास केलेली. दुसरी २०४ मिनिटांची, दिग्दर्शकाची. फरक अवघ्या ६ मिनिटांचा, पण त्या ६ मिनिटांत एका माणसाचा न्याय बदलतो.

आमच्यासारख्यांच्या हाती ती २०४ मिनिटांची प्रत डीव्हीडीवर आली नाही. २००९ च्या सुमारास आम्ही बी.एड. करीत होतो. वसतिगृहाजवळच्या सायबर कॅफेत तासाला १५ रुपये देऊन ती आम्ही दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत पाहिली. कुणा हौशी माणसाने ती चढवून ठेवलेली. चित्र चौकोनी, रंग उडालेले, मधला एखादा तुकडा गायब. तरीही वर्षानुवर्षे पाठ असलेल्या चित्रपटात एखादे अनोळखी दृश्य समोर आले की अंगावर काटा येई. आपल्याच घरात एक खोली होती आणि तिला इतकी वर्षे कुलूप होते, असे वाटे.

त्या कुलूपबंद खोलीत गब्बरचा मृत्यू होता, तसा अहमदचाही होता.

अहमद हा रामगढच्या आंधळ्या इमामसाहेबांचा मुलगा. ए. के. हंगल यांचे इमामसाहेब आणि आपल्या मराठी सचिनचा अहमद. त्याला जबलपूरला मामाकडे विडीच्या कारखान्यात नोकरी लागायची आहे. बापाला एकटे सोडून जायची त्याची इच्छा नाही, बाप त्याला आग्रहाने पाठवतो. गरीब मुसलमान घरातली ही गोष्ट सांगायला लेखकांना चार-दोन वाक्ये पुरली. सलीम-जावेद या जोडीने हे लिहिले. संवाद जावेद अख्तर उर्दू लिपीत लिहीत आणि सहायक ते देवनागरीत उतरवून काढी. म्हणून उर्दूच्या तासाला आम्ही शोलेचे नाव काढले तर तो अभ्यासक्रमाबाहेरचा विषय आहे असे आम्हांला वाटत नाही.

टॉकीजमधल्या प्रतीत अहमदला मरताना आपण पाहत नाही. गब्बर आपल्या अंगावर चालणारी मुंगी चिरडतो, आणि मग घोडा गावात येतो, पाठीवर मय्यत घेऊन. सगळे गाव गप्प उभे असते आणि आंधळा बाप विचारतो की एवढी शांतता कशाची. मूळ प्रतीत मात्र अहमदला मारण्याचे दृश्य आहे. सेन्सॉरने तेही कापले.

आता थोडे घरचे सांगतो. आमच्या मोठ्या मामूंचा मधला मुलगा २००६ साली मारला गेला. आठवडी बाजारात हातगाडी लावण्याच्या जागेवरून भांडण झाले. मारणारे ओळखीचे, त्यातले दोघे आमच्याच बिरादरीचे. त्यामुळे त्याला कुणी दंगल म्हटले नाही, की त्यावर कुणी मोर्चा काढला नाही. तो २१ वर्षांचा होता. दफन करून आलो त्या रात्री मामूंचे दोन मुलगे आणि आम्ही भाचे मंडळी अंगणात उभे होतो, आणि कुणाच्या मनात काय आहे हे एकमेकांना विचारायची गरज नव्हती. मामू उठून दारात येऊन बसले. म्हणाले, “एक गया मेरा. दूसरे को जेल में भेजने के वास्ते नै पाला मैंने.” फजरपर्यंत ते दारातून हलले नाहीत.

पुढे ७ वर्षे खटला चालला. मामू प्रत्येक तारखेला गेले. एस.टी.चे तिकीट, वकिलाची फी, साक्षीदाराचा चहा हे सारे त्यांनी एका वहीत लिहून ठेवले आहे. चार आरोपींपैकी दोघांना शिक्षा झाली, दोघे पुराव्याअभावी सुटले. सुटलेल्यांपैकी एक आजही बाजारात समोरून येतो. मामू सलाम करीत नाहीत, पण रस्ताही बदलत नाहीत.

निकालानंतरच्या एका ईदला सारे मामूंकडे जमलो होतो. एका भाच्याने मोबाइलवर शोलेची ती न कापलेली प्रत लावली. “मामू, ये देखो, ये टॉकीज में नै था.” अहमद गब्बरच्या तळावर उभा होता. मामूंनी पडद्यावर तळहात ठेवला. म्हणाले, “रहने दे बेटा. वो घोडा आता ना, उतनाच बस है.”

सेन्सॉरने ते दृश्य कापले ते मामूंसाठी नव्हे, हे आम्ही जाणतो. सरकारला लोकांच्या रागाची धास्ती होती, बापाच्या काळजाची नव्हती. पण ज्याच्या घरी असा घोडा येऊन गेला आहे त्याला बाकीचे दाखवावे लागत नाही. मूळ प्रत म्हणजेच खरी आणि कापलेली म्हणजे खोटी, असे आम्ही म्हणायचे थांबलो ते मामूंच्या त्या तळहातापासून. शोलेला त्या वेळी फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, आणि तो संकलनासाठी, एम. एस. शिंदे यांना. काय ठेवायचे यापेक्षा काय गाळायचे हे ठरवणे अवघड असते, हे शिंद्यांच्या कात्रीला ठाऊक होते. सरकारच्या कात्रीला ते ठाऊक असेलच असे नाही.

कारण सरकारी कात्रीने गब्बरच्या रक्ताबरोबर आणखी एक गोष्ट कापली. मूळ शेवटात गब्बर मेल्यावर ठाकूर जिंकल्यासारखा उभा राहत नाही. तो मोडतो, रडतो, वीरू त्याला सावरतो. ज्या सुडासाठी इतकी वर्षे जगला तो पुरा झाला आणि हाती काही उरले नाही, हे त्या रडण्यात आहे. सूड घेऊ नका हा धडा पोलिसांच्या उपदेशापेक्षा त्या अश्रूंनी अधिक चांगला दिला असता. तोच धडा कापून त्याच्या जागी भाषण घातले गेले.

मग आम्हांला कोणता शेवट हवा? वर्गात आम्ही हा प्रश्न मुलांना लिहायला दिला. बहुतेकांनी गब्बरला मारले. आम्ही त्यांना चूक ठरवले नाही, एवढेच विचारले की गब्बरच्या जागी उद्या कुणी तुम्हांला उभे केले तर? रस्त्यावर न्याय करणारी गर्दी पुरावा मागत नाही. आणि अशी गर्दी जमते तेव्हा आपण गर्दीत असतो की मध्ये, हे आपल्या मुलांनी ओळखून असावे. ज्यांची संख्या कमी, ज्यांची ओळख कमी, त्यांना कायद्यावाचून दुसरा आसरा नाही. म्हणून रडक्या का होईना, पण पोलिसांच्या शेवटाशीच आमचे मत जाऊन थांबते. मामूंची वहीही तेच सांगते.

पण त्या शेवटाला एक प्रश्न विचारायचा राहतो. रामगढमध्ये ठाकूरचे घर संपले तेव्हा पोलीस आले नाहीत. अहमदला वाटेत धरले तेव्हा आले नाहीत. जय मेला तोवरही नाही. ते आले ते गब्बरचा जीव वाचवायला. अहमदच्या वेळी आले असते तर ठाकूरला बुटांना खिळे ठोकून घ्यावे लागले नसते.

राहिली फुकटची गोष्ट. मुले म्हणतात, “सर, नेट पे है तो सबकाच है.” तसे नाही. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, म्हणजे शोलेचा २०३५ अखेरपर्यंत. तरी आम्ही एवढे म्हणू की ज्या काळात मूळ शेवट आपल्या गावातल्या कुठल्याही टॉकीजला लागत नव्हता, त्या काळात त्या उडालेल्या रंगांच्या चोरट्या प्रतींनी साक्षीदाराचे काम केले. साक्षीदार नेहमी इस्त्रीचे कपडे घालूनच येतो असे नाही.

आता ती सबब उरलेली नाही. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सच्या साथीने मूळ प्रत दुरुस्त केली. २७ जून २०२५ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात, उघड्या चौकात, ती मूळ शेवटासह दाखवली गेली, आणि १२ डिसेंबर २०२५ रोजी आपल्या देशातल्या टॉकीजमध्ये लागली. जो शेवट १९७५ साली लोकांना झेपणार नाही असे ठरले, तो ५० वर्षांनी तिकीट काढून, सरकारच्या शिक्क्यासह पाहता आला. गब्बर झालेले अमजद खान १९९२ सालीच गेले होते, आणि वीरू झालेले धर्मेंद्र या प्रदर्शनाच्या काही दिवस आधी, २४ नोव्हेंबरला गेले. ज्या चित्रपटाने तीन पिढ्यांना इतके दिले, त्याची न कापलेली प्रत जपायला कुणीतरी मेहनत घेतली. तिचे तिकीट काढणे म्हणजे हक्काची परतफेड, असे आम्ही मुलांना सांगतो. काही ऐकतात, काही हसतात.

शोलेच्या साऱ्या प्रतींत एक दृश्य मात्र सारखे आहे. त्याला सरकारने हात लावला नाही, संकलकाने लावला नाही. जगातले सर्वांत जड ओझे म्हणजे बापाच्या खांद्यावरचा मुलाचा जनाजा, असे गावाला सांगून इमामसाहेब नमाजला निघतात. या गावावरून ओवाळून टाकायला आणखी दोन-चार मुलगे का दिले नाहीस, असे आज खुदाला विचारीन म्हणतात. त्यांनी सूड मागितला नाही, गावही सोडले नाही. चित्रपटाचा शेवट कुठलाही असो, रामगढ टिकले ते या बापामुळे, असे आम्हांला वाटते. असे बाप प्रत्येक गावात असतात. त्यांच्या सब्रची परीक्षा किती काळ घ्यायची, हे मात्र ज्यांच्या हाती कायदा आहे त्यांनी ठरवायचे आहे.