ड्यूटीची बोलणी

आमच्या खानदेशात लग्नाच्या बोलणीत काय निघत नाही? सोनं किती तोळे, बस्ता कुणी बांधायचा, हॉल कुणाच्या गावचा, पंगतीला वरणबट्टी की बुफे, मानपान किती जणांचा. मुलगा किंवा मुलगी डॉक्टर असेल तर त्यात भर पडते: डिग्री कोणती, पुढे शिकणार का, दवाखाना कुठे टाकणार, जागा घरची की भाड्याची. तास-दोन तास हे सगळं चालतं, सुपारी फुटते, पेढे वाटले जातात. हा माणूस घरी कधी असणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी विवाह समुपदेशनाचं काम करते. राहते जळगावला, माहेर धरणगावचं, म्हणून आठवड्यातला एक दिवस धरणगावात बसते. एरंडोल, चोपडा, अमळनेर, पारोळा इकडूनही लोक येतात. मोठ्या शहरात ज्याला डेटिंग म्हणतात, ते आमच्याकडे बहुतेकदा साखरपुडा आणि लग्न यांच्या मधल्या सहा-आठ महिन्यांत घडतं, आणि त्यातलं बरंचसं फोनवर. कॉलेजात आपलं आपण जमवलेली मुलंही आता येतात. दोघांतला एक डॉक्टर असला, की दोन्ही प्रकारच्या जोड्यांची तक्रार जवळजवळ सारखीच असते. तो किंवा ती सापडतच नाही.

धरणगाव तालुक्यातली जिल्हा परिषद शाळेत शिकवणारी एक मुलगी. होणारा नवरा मुंबईत एमएस करतोय, पहिल्या वर्षाला. मेसेज पोहोचतो, वाचलाही जातो, उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी येतं. मुलीपेक्षा आई जास्त घाबरलेली. "काय सांगू ताई, जवाई फोन बी उचलस नही." मुलाला दुसरीच कुणीतरी आवडत असेल, ही शंका आईने उघड बोलून दाखवली नाही, पण ती त्या खोलीत होती.

अशा वेळी मी आधी दोघांच्या घरच्यांना डॉक्टरकीचा हिशेब समजावून सांगते, कारण तो फार थोड्यांना माहीत असतो. एमबीबीएसची साडेचार वर्षं, मग एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेजातून शिकला असेल तर बंधपत्राची एक वर्षाची सेवा. मग नीट-पीजी, जिच्यात एखादं-दुसरं वर्ष सहज जातं. पुढे रेसिडेन्सीची तीन वर्षं आणि त्यानंतर पुन्हा बंधपत्र. म्हणजे बाकीच्या पोरांची लग्नं होऊन मुलं शाळेत जायला लागतात, त्या वयात हा माणूस वॉर्डात झोपतो. आणि त्यातही पहिलं वर्ष सगळ्यांत कठीण. ज्युनिअर रेसिडेंट म्हणजे युनिटमधला सगळ्यांत धाकटा, रक्ताचे नमुने पोचवण्यापासून ऑपरेशनची यादी लावण्यापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात.

कागदावर नियम चांगले आहेत. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग बारा तासांपेक्षा जास्त ड्यूटी नको आणि आठवड्याला सर्वसाधारणपणे ४८ तास, असं लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत कामाचे तास 'वाजवी' असावेत एवढंच म्हटलं, आकडा दिला नाही. २०२४ मध्ये आयोगाच्याच मानसिक आरोग्याविषयीच्या कृती दलाने आठवड्याला ७४ तासांच्या वर काम देऊ नये आणि एक दिवस सुट्टी द्यावी, अशी शिफारस केली. डॉक्टरांच्या भल्यासाठी बसलेल्या समितीलाही ७४ वर थांबावं लागलं, यावरून वॉर्डात काय चालत असेल याचा अंदाज बांधावा. तरुण डॉक्टरांना असं पिळून काढणं मला अन्यायाचं वाटतं. त्याची किंमत रुग्ण मोजतो, आणि घरी वाट पाहणारं माणूसही मोजतं.

त्या २०२३ च्या नियमांत वर्षाला वीस दिवसांची नैमित्तिक रजा आहे. साखरपुडा, हळद, लग्न, सत्यनारायण, देवदर्शन, फिरायला जाणं, घरातलं आजारपण, सगळं त्या विसांत बसवायचं. हे ऐकलं की वडीलधारी मंडळी गप्प होतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जावई का आला नाही, याचं उत्तर त्यांना त्या आकड्यात मिळतं.

पण नुसतं समजून घेऊन भागत नाही. डॉक्टर मुलाच्या बायोडाटात 'मुलगी समजूतदार हवी' हे वाक्य हमखास असतं, आणि त्या वाक्याशी माझं भांडण आहे. वेळापत्रक देता येत नाही म्हणून समजूतदारपणा मागितला जातो. मुलगी "चालेल, मी समजून घेते" म्हणत राहते, पहिल्या वर्षी मनापासून, दुसऱ्या वर्षी सवयीने. तिसऱ्या वर्षी ती माझ्यासमोर बसून प्रत्येक चुकलेला वाढदिवस तारखेसह सांगते. हा हिशेब तिने मनात ठेवलेला असतो आणि नवऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते. तो बिचारा समजत असतो, आपलं बरं चाललंय.

म्हणून मी दोघांसमोर महिन्याचं कॅलेंडर ठेवते. बाहेरच्या माणसाला वाटतं, डॉक्टरच्या आयुष्यात केव्हा काय होईल ते सांगता येत नाही. ते अर्धंच खरं आहे. मोठ्या रुग्णालयांत प्रत्येक युनिटचा इमर्जन्सीचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी आणि त्या रात्री तो माणूस नाही असं धरायचं. दुसरा दिवस झोपेचा, त्या दिवशी गंभीर विषय काढायचा नाही. ओपीडीचा दिवस ठरलेला, ऑपरेशनचा दिवस ठरलेला. हे सगळं रंगवून झालं की आठवड्यात दोन-तीन मोकळ्या जागा दिसायला लागतात. फार नाहीत, पण दिसतात. त्या शाळेतल्या मुलीने कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे मी दर वेळी नेमकी इमर्जन्सीच्या दिवशीच रुसत होते." तिचा रुसवा खोटा नव्हता. त्याला जागा चुकीची मिळत होती.

मग वचन बांधायचं, आणि ते लहान बांधायचं. 'वेळ मिळाला की फोन करतो' या वाक्याला माझ्याकडे बंदी आहे. ऐकणारा माणूस तेवढ्यावर दिवसभर हातात फोन धरून बसतो. त्याऐवजी 'बुधवारी रात्री साडेनऊला करतो, नाही जमलं तर गुरुवारी सकाळी राउंडच्या आधी' असं म्हणावं. फोन दहा मिनिटांचा झाला तरी चालेल, पण बुधवारी ठरला तर बुधवार. आणि तिनेही त्या बुधवारपर्यंत आपलं आयुष्य खुंटीला टांगून ठेवायचं नाही. बढतीची परीक्षा, मैत्रिणी, स्वतःच्या पगाराचे व्यवहार, सगळं चालू राहिलं पाहिजे.

एक प्रश्न मला खासगीत हमखास विचारला जातो. तो खरंच कामात आहे की टाळतोय, हे ओळखायचं कसं? इतकी वर्षं हे पाहून माझं एक मत झालंय. कामात असलेला माणूस एक वेळ मोडली तर दुसरी वेळ स्वतःहून देतो. टाळणारा वेळ मोडतो आणि पुढचं काही बोलत नाही, उलट तुम्ही विचारलंत म्हणून तुमच्यावरच चिडतो: "तुला माझ्या कामाची किंमत नाही." रुग्णाचा जीव ही ढाल फार मोठी आहे. तिच्यासमोर कुणाचं काही चालत नाही. म्हणूनच ती लपण्यासाठी वापरली जात असेल तर लग्नाआधीच ओळखलेली बरी.

इथे मला डॉ. रवींद्र कोल्हे यांचं उदाहरण आठवतं. मेळघाटातल्या बैरागडला काम सुरू केल्यावर त्यांनी लग्नासाठी अटी आधीच सांगितल्या होत्या, आणि त्या महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक आहेत. चाळीस किलोमीटर चालायची तयारी, पाच रुपयांत नोंदणी विवाह, महिन्याच्या चारशे रुपयांत संसार, आणि वेळ पडली तर दुसऱ्यासाठी भीक मागायची तयारी. चारशे कुठून आले, तर एका रुग्णाचा एक रुपया आणि महिन्याला साधारण चारशे रुग्ण. कितीतरी मुलींनी नकार दिला. नागपुरात स्वतःची प्रॅक्टिस असलेल्या स्मिताताईंनी होकार दिला. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. लोक हा किस्सा त्यागाचा म्हणून सांगतात. मला त्यातला सरळपणा जास्त मोलाचा वाटतो. मुलीला होकार किंवा नकार देता यावा एवढं सगळं त्यांनी आधी उघड केलं, आकड्यांसकट. नकार देणाऱ्या मुली काही कमी प्रतीच्या नव्हत्या. त्यांना खरं सांगितलं गेलं आणि त्यांनी खरं उत्तर दिलं.

आमच्या भागातले डॉक्टर मेळघाटात जात नाहीत, ते तालुक्याच्या गावी दवाखाना टाकतात. इथला प्रश्न वेगळा आहे आणि मला तो रेसिडेन्सीपेक्षा अवघड वाटतो. रेसिडेन्सीला शेवटची तारीख असते. खाली दवाखाना आणि वर घर, या व्यवस्थेला नसते. पावसाळ्यात शेतात कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की रात्री दोनला बेल वाजते. येणारा नात्यातला, ओळखीचा, निदान ओळखीच्या ओळखीचा असतो. "डॉक्टर, उठा" म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? बदली डॉक्टर नाही, शिफ्ट नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास गेला की उष्माघाताचे, जुलाबाचे रुग्ण रांगेने येतात, आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच असते. नातेवाइकांच्या लग्नात डॉक्टरची बायको एकटीच दिसते.

शिवाय इथे लग्न नवऱ्याबरोबर दवाखान्याशीही लागतं. सर्जनला भूलतज्ज्ञ बायको हवी, बालरोगतज्ज्ञाला स्त्रीरोगतज्ज्ञ. डॉक्टर मिळाली नाही तर 'बी. फार्म. चालेल', कारण खाली मेडिकल टाकायचं असतं आणि परवान्यासाठी नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. यात वावगं काही नाही. कितीतरी जोडपी अशी एकमेकांच्या आधाराने उभी राहिली, त्यांचा संसार पाहून समाधान वाटतं. पण मी बोलणीत विचारायला लावते: मेडिकलचं खातं कुणाच्या नावावर? तिला पगार की भागीदारी? दवाखाना आठवड्यातून एक संध्याकाळ बंद राहील का, आणि बंद म्हणजे खरोखर बंद, शेजारच्या गावातल्या डॉक्टरशी आळीपाळीने ठरवून? या शेवटच्या प्रश्नावर मुलाचे वडील हमखास म्हणतात, "पेशंट तुटतील." काही तुटतात. पण तालुक्यातले दोन डॉक्टर एकमेकांचे रुग्ण सांभाळायला तयार झाले, की दोघांच्या घरी माणूस जेवायला असतो, हे मी पाहिलंय.

मोठा डॉक्टर म्हणजे दुसऱ्या कशाला सवड नाहीच, अशी आपल्याकडे समजूत आहे. धरणगावकरांनी तरी ती बाळगू नये. आमच्या गावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' म्हणून गौरवणारे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर होते. औषधी वनस्पतींवरचा त्यांचा मोठा ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. सवड काढणारे डॉक्टर तेव्हाही होते.

आता मुलगीच डॉक्टर असेल तेव्हा. हा भाग मला सगळ्यांत जास्त टोचतो. नवरा रात्री उशिरा आला तर घर त्याच्यासाठी जेवण झाकून ठेवतं. सून उशिरा आली तर घर तिच्या येण्याची वाट बघतं, ती आल्यावर स्वयंपाक व्हावा म्हणून. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, रोट होतात, बाहेरगावची माणसं त्यासाठी गावी येतात. त्या रविवारी तिच्या युनिटची इमर्जन्सी असेल तर? एका सासूबाईंनी माझ्यासमोर सरळ सांगितलं, "कानबाईले सून नही म्हणजे घर सूनं." त्यांची भावना खरी होती, मी ती हसण्यावारी नेली नाही. पण हाच रविवार मुलाचा चुकला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या, हेही मी त्यांना विचारलं. बराच वेळ विचार करून त्या म्हणाल्या, "मन्हा पोऱ्या दवाखानामा शे, अशी सांगतू."

ही गोष्ट केवळ खानदेशाची नाही. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१५ साली अमेरिकेतल्या जनगणना खात्याच्या आकडेवारीवरचा एक अभ्यास आला होता. डॉक्टरांचे संसार जास्त मोडतात हा समज त्यात खोटा ठरला. कधी ना कधी घटस्फोट झालेल्यांचं प्रमाण डॉक्टरांत २४ टक्के होतं, तर आरोग्यसेवेबाहेरच्या लोकांत ३५ टक्के. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं, की डॉक्टर स्त्रियांत हे प्रमाण डॉक्टर पुरुषांपेक्षा जास्त आहे. आठवड्याला चाळीस तासांहून जास्त काम करणाऱ्या स्त्रियांत ते आणखी वाढतं. जास्त तास काम करणाऱ्या पुरुषांत तसं दिसलं नाही. काम तेच, तास तेच. म्हणून डॉक्टर मुलीच्या बोलणीत मी तिच्या आईवडिलांना प्रश्न मुलाकडे वळवायला सांगते. तिची नाइट असताना मूल कोण झोपवेल? तुला भाजी-भाकरी येते का? कानबाईच्या रविवारी ती नसेल, तर नातेवाइकांना उत्तर तू देशील की ती?

एका मुलाने या शेवटच्या प्रश्नावर "आई सांभाळून घेईल" असं उत्तर दिलं. मुलीने तिथेच सांगितलं, की मला आईचं नको, तुझं उत्तर हवं. तो पुढच्या भेटीला एकटा आला, बराच बोलला, आणि शेवटी दोघांनी साखरपुडा मोडायचं ठरवलं. आमच्याकडे साखरपुडा मोडणं म्हणजे गावभर चर्चा. मुलीच्या वडिलांनी दोन महिने पारावर बसणं सोडलं. तरी माझं मत बदललेलं नाही. दोन चांगली माणसं एकमेकांना पुरेसा वेळ देऊ शकणार नाहीत, हे हळदीआधी कळलं तर ते कळून घ्यावं, आणि अशा मुलीकडे कुणी वाकड्या नजरेने बघू नये.

तुळशीचं लग्न तोंडावर आलं, की पुढच्या तिथी निघायला लागतात. ज्यांच्या घरी डॉक्टर मुलाची किंवा मुलीची बोलणी आहे, त्यांनी हॉलचा इसार देण्याआधी युनिटचं वेळापत्रक मागावं, परीक्षेचा महिना विचारावा, उरलेल्या रजा मोजाव्यात. मुलगा-मुलीला या विषयावर एकटं बोलायला तासभर द्यावा, मधे चहा घेऊनसुद्धा कुणी आत जाऊ नये. त्या तासात काय ठरलं ते दोघांनी बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगावं. सोन्याचा आणि मानपानाचा विषय त्यानंतर काढता येतो.