दोष हवेचा, दंड पोराला

"पोराचा हात बसलेला नाही" असं म्हणून मालकांनी त्याची आठवड्याची मजुरी कापली. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पोरगं खानापूर तालुक्यातलं. मी बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशन शिकून बेंगळुरूला आलो. आमची शेड बोम्मनहळ्ळीत, आणि कामं बहुतेक एचएसआर लेआउटमधल्या घरांची: गेटं, जिन्याचे कठडे, गॅलरीच्या जाळ्या. नक्षी लेझरवर कापून येते, पण साइटवर माप जुळलं नाही की हातातला 40 अँपियरचा प्लाझ्मा कटरच कामाला येतो.

ऑक्टोबरचा पाऊस लागला होता. 27व्या मेनजवळ एका गेटसाठी 5 मिलिमीटरची एमएस प्लेट कापायची होती. कड उंदरानं कुरतडल्यासारखी येत होती. नवं नोझल घातलं तरी अर्ध्या दिवसात त्याचं भोक लांबट व्हायचं. मालक आले, कडेवरून बोट फिरवलं आणि घरमालकांच्या देखत पोराला बोलले. पोरगं मान खाली घालून उभं. ज्या कॉम्प्रेसरवर टॉर्च चालत होता, त्याच्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. नोझल खराब झालं तर पोराचा हात, आणि मशीन चांगलं चाललं तर मालकांची खरेदी, हा कुठला न्याय?

मी टाकीखालचा ड्रेन कॉक उघडला. गढूळ, गंजट पाणी धारेनं आलं. मग मशीनवरची गॅस टेस्टची कळ दाबली आणि आर्क न पेटवता टॉर्चची नुसती हवा टिश्यू पेपरवर सोडली. कागदावर ओले ठिपके उठले, त्यांच्याभोवती तेलाची पिवळट कडा. पावसाळी हवा दाबली गेली की तापते, पुढे थंड होताना तिच्यातलं पाणी सुटतं आणि हवेबरोबर टॉर्चमध्ये जातं. आर्क भरकटतो, इलेक्ट्रोडच्या टोकाचा हाफ्नियमचा ठिपका झपाट्यानं झिजतो. आमच्या इलेक्ट्रोडला दीड मिलिमीटरहून खोल खड्डा पडला होता. त्या इलेक्ट्रोडवर कुणाचाही हात सरळ चालला नसता.

तो कागद मालकांना दाखवला. "मालक, हे बघा." त्यांनी बघितला. फिल्टर आणायला पैसे दिले, मजुरीचं नाव काढलं नाही.

टॉर्चजवळ पाणी धरणारा फिल्टर लावला, अर्थिंगचा क्लॅम्प गंज घासून पक्का बसवला आणि कड सुधारली. तरी एका बाजूला उतार राहिलाच. इथे मात्र हात आलाच, हे कबूल करायला हवं. आणि ते सांगितलं त्याच मालकांनी! टॉर्चमधली हवा गोल फिरत बाहेर पडते, म्हणून आमच्या टॉर्चला कापत जाताना उजवीकडची कड सरळ येते, डावीकडची तिरकी. गोल चकती हवी असेल तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरायचं, भोक हवं असेल तर उलट. खालून पडणाऱ्या ठिणग्या किंचित मागे झुकल्या की वेग बरोबर. हात सावकाश असला तर जाड, फुगीर स्लॅग साठतो, पण तो हातोडीनं पडतो. घाई केली तर बारीक आणि कडक चिकटतो, मग ग्राइंडरशिवाय सुटका नाही. नोझल पत्र्यापासून दोन-तीन मिलिमीटर वर राहावं म्हणून त्यांनी टॉर्चला चाकाचा गाइडही लावून दिला. शिकवायला माणूस उत्तम, हे मी नाकारत नाही. मग हेच ज्ञान पोराला आधी दिलं असतं तर?

प्लाझ्मा चालवणाऱ्या सगळ्या शेडवाल्यांना माझं सांगणं आहे: पावसाळ्यात रोज सकाळी टाकीचं पाणी सोडा, टिश्यू पेपर धरून हवा तपासा, इलेक्ट्रोड काढून खड्डा बघा. एवढं केल्याशिवाय कुणाच्या मजुरीला हात लावू नका.