पंगतीला कोणीतरी हवे

“त्याला भूक नाही असं नाही गं; त्याला पंगत नाही.”

गेल्या वैशाखातील एका सकाळी सासूबाईंनी हे वाक्य उच्चारले, तेव्हा मी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन पिंजऱ्यापाशी बसले होते. बोलणे आमच्या कापूस नावाच्या सशाविषयी चालले होते. त्याची जोडीदारीण बकुळ आदल्या दिवशी गेली होती. रात्रीचे गवत जसेच्या तसे पडले होते आणि एरवी पिशवीचा आवाज ऐकताच धावत येणारा कापूस कोपऱ्यात पाठ करून बसला होता. ते वाक्य मी ऐकले; पण त्याचा पूर्ण अर्थ मला कळावयास पावसाळा उजाडावा लागला.

ही जोडी माझ्या मुलीची. सहा वर्षांपूर्वी पुण्यात महाविद्यालयात शिकत असताना तिने ती बाजारातून आणली. दोन्ही माद्याच आहेत, असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते. चार महिन्यांनी बकुळने पाच पिलांना जन्म दिला, तेव्हा कापूस नर असल्याचा आम्हांला उलगडा झाला. पिलांना यथावकाश घरे मिळाली, कापसाची नसबंदी झाली आणि आता बकुळच्या शस्त्रक्रियेची गरज काय, असे म्हणून ती राहून गेली. पुढे मुलगी नोकरीनिमित्त बंगळुरूला गेली आणि ससे आमच्याकडे राहिले. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग वारंवार आढळतो, हे पशुवैद्यांनी आम्हांला सांगितले, तेव्हा बकुळच्या बाबतीत उशीर झाला होता.

दुपारपर्यंतही कापसाने काही खाल्ले नाही, तेव्हा आम्ही त्याला दवाखान्यात नेले. हे फार बरे झाले. सशाच्या पोटाचे यंत्र सतत चालू राहावे लागते. दहा-बारा तास त्याने काही खाल्ले नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर आतड्यांची हालचाल मंदावून जिवावर बेतू शकते. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिले, वेदनाशामक दिले आणि पातळ केलेले खाद्य बिनसुईच्या सिरिंजने थोडे थोडे कसे भरवावे, हे शिकवले. “बकुळला त्याच्याजवळ थोडा वेळ ठेवलं होतंत का?” त्यांनी विचारले. आम्ही तिला दवाखान्यातूनच परस्पर नेऊन पुरले होते. जोडीदाराला मृत शरीर हुंगू द्यावे, ढोसून पाहू द्यावे. मग पुष्कळदा त्याचे शोधणे थांबते, असे ते म्हणाले. कापूस त्यानंतर कितीतरी दिवस बकुळच्या आवडत्या टोपलीत डोके घालून पाहत असे.

त्या दिवसांत आमच्या घरात आणखी एका ताटात अन्न उरत होते. मार्गशीर्षात माझे सासरे गेले. एकसष्ट वर्षांचा संसार संपला. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या. त्या रडल्या नाहीत, कोणाकडे गाऱ्हाणे नेले नाही. मात्र दोन पोळ्यांची एक झाली, एकीची अर्धी झाली. वजन उतरले. रक्त तपासले, दात तपासले, गोळ्या बदलून पाहिल्या. विशेष दोष कोठे निघाला नाही.

एकटेपणावर उपाय म्हणजे सोबत, एवढे आम्हांलाही कळत होते. म्हणून आम्ही चोवीस तासांच्या एका मदतनीस बाई ठेवल्या. बाई कष्टाळू आणि सरळ होत्या. त्यांची खाट आईंच्या खोलीत, जेथे सासऱ्यांचा पलंग होता तेथेच टाकली. आईंना विचारले नाही. विचारण्यासारखे त्यात काही आहे, असे वाटलेच नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. पाचव्या आठवड्यात त्या एवढेच म्हणाल्या, “तिचं काही चुकलेलं नाही. पण तिला तिच्या घरी जाऊ दे.” वय झाले की माणूस हट्टी होतो, असे आम्ही दोघे रात्री एकमेकांना म्हणालो.

कापसाच्या बाबतीत आम्ही नेमकी तीच चूक पुन्हा केली. पंधरवड्यात तो सावरून गवत खाऊ लागला, तरी त्याच्यात पूर्वीचा जीव नव्हता. एका रविवारी यजमान आणि मी बाजारातून एक शुभ्र, तीन महिन्यांचे पिलू घेऊन आलो आणि मोठ्या कौतुकाने त्याला सरळ कापसाच्या पिंजऱ्यात सोडले. पुढचे सारे मिनिटभरात घडले. कापसाने कान मागे पाडले, शेपूट ताठ केली आणि झेप घेतली. दोघे एकमेकांत गुंतून गरगर फिरू लागले, केसांचे पुंजके उडाले. मी घाबरून मध्ये हात घातला आणि बोटाला कडकडून चावा घेतला गेला. पिलाचा कान फाटला होता. यजमानांनी केरसुणी मध्ये सरकवून त्यांना वेगळे केले. जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने धुऊन मी माझ्या डॉक्टरांकडे गेले आणि यजमान पिलाला घेऊन पशुवैद्यांकडे गेले.

पिलू नर होते. तेही नसबंदी न झालेले. पशुवैद्यांच्या ओळखीच्या एका कुटुंबाने त्याला आनंदाने घेतले. आम्हांला मात्र डॉक्टरांनी समोर बसवून समजावले. आपल्याकडे ससा म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो गोष्टीतला, पाठीवर पान पडले म्हणून आभाळ कोसळले असे समजून पळणारा. तो रानससा. तो बिळे खणीत नाही, उघड्यावर झुडपांच्या आडोशाला राहतो आणि बहुधा एकटा असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पाळण्यास मनाई आहे. घरात पाळतात तो ससा वेगळ्या कुळीचा. त्याचे पूर्वज स्पेन आणि पोर्तुगालच्या बाजूचे. ते जमिनीखाली बिळांचे जाळे करून कळपाने राहतात. म्हणून त्याला सोबत लागते. पण कळपात राहणाऱ्याला आपली हद्दही असते. कोण आपले, कोण परके, हे तो वासावरून ठरवतो. “तुम्ही त्याच्या घरात, त्याला न विचारता, अनोळखी आणून बसवलात,” डॉक्टर म्हणाले. “त्याने दुसरं काय करायचं?”

घरी येऊन मी हे आईंना जसेच्या तसे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त माझ्याकडे पाहिले, आणि मग सासऱ्यांच्या रिकाम्या पलंगाकडे.

महिन्याभराने डॉक्टरांनीच निरोप धाडला. एका कुटुंबातील मुलाला गवताच्या धुळीने दम्याचा त्रास होऊ लागला होता, म्हणून तीन वर्षांची, नसबंदी झालेली मादी चांगल्या घरी द्यावयाची होती. नसबंदी झालेला नर आणि नसबंदी झालेली मादी ही जोडी बहुधा सर्वांत लवकर जमते, असे त्यांचे मत. पांढऱ्या अंगावर काळे बारीक ठिपके असलेली ती मादी ज्येष्ठात घरी आली. आईंनी तिचे नाव तीळ ठेवले. कित्येक महिन्यांत त्यांनी आपण होऊन सुचवलेली ती पहिली गोष्ट.

या खेपेस आम्ही घाई केली नाही. पहिले दोन आठवडे तीळ वेगळ्या खोलीत होती, म्हणजे काही आजार असल्यास तो दिसून यावा. नंतर दोन पिंजरे चार बोटांच्या अंतरावर ठेवले. दिसावे, वास यावा, पण दात पोहोचू नयेत इतके अंतर. रोज सकाळी एकाच्या अंगाखालचे फडके दुसऱ्याच्या पिंजऱ्यात घालावयाचे. गवत मात्र दोघांना एकाच वेळी, जाळीच्या अलीकडे-पलीकडे समोरासमोर. पहिले चार दिवस कापूस पाय आपटीत असे. पाचव्या दिवशी त्याने तिच्याकडे तोंड करून गवत खाल्ले.

आता प्रश्न होता तो तिऱ्हाईत जागेचा. पहिली भेट दोघांपैकी कोणाच्याही हद्दीत होता कामा नये. बाल्कनी आणि बैठकीची खोली तर कापसाचीच. घरात एकच खोली अशी होती की जेथे त्याचे पाऊल कधी पडले नव्हते: आईंची. हवेच्या गादीची वायर तो कुरतडील आणि तो पायांत येऊन आई पडतील, या धास्तीने आम्ही तेथे सशांना बंदी घातली होती. मी न्हाणीघर मोकळे करू लागले, तेव्हा आई म्हणाल्या, “फरशीवर घसरतील ती. माझी खोली घ्या.”

आम्ही वायरी उचलून बांधल्या आणि सतरंजी अंथरली. आई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या. हातात घड्याळ आणि शाळेच्या दिवसांतल्यासारखी एक वही. त्या वहीतील नोंदी मी जपून ठेवल्या आहेत. पहिल्या दिवसाची अशी: ‘दहा मिनिटे. पाठलाग दोनदा. नंतर दोघेही पाठ फिरवून अंग चाटीत बसले. ठीक.’ पाठ फिरवून बसणे म्हणजे रुसवा नव्हे, तर तुझ्यापासून मला भय नाही असे सांगणे, हे त्यांनी माझ्याआधी ओळखले. थोडा पाठलाग, थोडे अंगावर चढणे हे मानपान ठरविण्याचे प्रकार. ते चालू द्यावेत. कान मागे, शेपूट वर आणि गोल गोल फिरणे सुरू झाले की मात्र लगेच मध्ये केरसुणी घालावी, हात नव्हे. आणि रोजची भेट बरे चाललेले असतानाच संपवावी.

सारे सुरळीत झाले असे नाही. बाराव्या दिवशी मी उत्साहाच्या भरात वेळ एकदम तासाभराची केली. कापसाने तिळीचे केस उपटले. दोन दिवस भेट बंद, आणि मग पुन्हा दहा मिनिटांपासून आरंभ. “मागच्या इयत्तेत बसवलं म्हणजे नापास केलं असं नसतं,” आई मला म्हणाल्या. आषाढातील एका दुपारी तीळ सावकाश कापसापाशी गेली आणि तिने आपले डोके त्याच्या तोंडाखाली जमिनीला टेकले. सशांमध्ये ही विनंती असते: मला चाट. कापूस बराच वेळ स्तब्ध होता. नंतर त्याने तिचे कपाळ चाटले, एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना. वहीत नोंद आहे: ‘४ वाजून २० मिनिटे. जमले.’ शेवटचे अक्षर किंचित हलले आहे.

त्यानंतरही, काही दिवस एकही झटापट न होता लोटल्यावरच, जुना पिंजरा व्हिनेगरच्या पाण्याने धुऊन, आतील मांडणी बदलून, आम्ही दोघांना एकत्र ठेवले. पहिल्या भेटीपासून तोवर पाच आठवडे झाले होते.

त्या संध्याकाळी दोघे एकाच टोपलीतील गवत ओढून खात होते. मी आईंचे ताट घेऊन नेहमीप्रमाणे त्यांच्या खोलीत गेले. त्यांचे जेवण वेळेवर व्हावे म्हणून बाराला आणि सातला मी ताट तेथे नेऊन देत असे. आम्ही दोघे आमची कामे आटोपून दोनला आणि नऊला जेवत असू. ताट ठेवताना वैशाखातील ते वाक्य मला आठवले आणि ताट हातातच राहिले. सासऱ्यांच्या वेळी दोघे खोलीत समोरासमोर बसून जेवत असत. आम्ही त्यांच्यासाठी बाई आणल्या, गोळ्या आणल्या. त्यांना पंगत दिली नव्हती. मी विचारले, “आई, तुम्हांला जेवताना सोबत कोणाची हवी?” त्या हसल्या. “विचारलंस, बरं झालं. मला तुमच्याबरोबर बसायचं आहे. पण दुपारी दोनपर्यंत नाही हो थांबवत.”

आता आम्ही साडेबाराला आणि साडेसातला तिघे एकत्र जेवतो. आईंची भूक पूर्ववत झाली असे मी म्हणणार नाही. दीड पोळी जाते आणि वजन उतरावयाचे थांबले आहे. दिवसा एक बाई चार तास येतात. त्यांना आईंनी स्वतः तीन जणींशी बोलून निवडले. पहिला आठवडा त्या बैठकीच्या खोलीतच बसत. खोलीत येण्याचे आमंत्रण आईंनी पुढे दिले.

ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आणि ससे दोन्ही आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. ससा पायांत येतो, म्हणून आजी-आजोबा चालत असताना त्याला मोकळे सोडू नये. त्याला उचलताना मागचे पाय तळव्यावर घ्यावेत. झटका मारल्यास त्याच्या पाठीचा कणा मोडू शकतो. हाताळल्यावर हात धुवावेत, आणि धुळीचा त्रास असणाऱ्यांनी गवत भरण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. माणसांसाठीची औषधे सशाला मुळीच देऊ नयेत. पेनिसिलीन गटातील काही प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास त्याच्यासाठी जीवघेणी ठरतात. आणि एकट्या पडलेल्या सशासाठी जोडीदार शोधताना तो कसा आहे, याइतकेच आपल्या सशाला तो चालतो का, हे पाहावे.

माणसाला तर आपण नुसते विचारूही शकतो. आमच्या घरी ते विचारावयास आठ महिने लागले.