नांवाची चाळणी

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या संगणकवर्गांत मुलांच्या रक्षणार्थ एक चाळणी बसविली होती. इंटरनेटवरील ज्या स्थळाच्या नांवांत ठराविक शब्द येतील तें स्थळ उघडूंच नये, अशी तिची रचना. आणि त्या शब्दांची यादी, वाचकहो, मींच मोठ्या उत्साहानें केली होती.

एके दिवशीं नववींतील एक मुलगी मधल्या सुटींत यंत्रापुढें येऊन बसली. तिच्या आईस स्तनाचा कर्करोग झाल्याचें नुकतेंच कळलें होतें, व घरांत इंग्रजी वाचणारी ती एकटीच. तिनें शोधलेल्या रुग्णसाहाय्याच्या स्थळाच्या नांवांतच तो रोग होता. पडद्यावर अक्षरें उमटलीं, "अयोग्य मजकूर." मुलीची मान खालीं गेली. पुढच्याच आठवड्यांत दोघे मुलगे एका खेळाच्या स्थळावर जें पाहतांना सांपडले, त्याचें वर्णन येथें शोभणार नाहीं. त्या स्थळाच्या नांवांत माझ्या यादींतील एकही शब्द नव्हता!

मोठ्यांचीही अशीच फजिती झालेली आहे. आपल्या देशांत 2018 सालीं 827 अश्लील स्थळें बंद करण्याचा हुकूम निघाला, तेव्हां त्यांतील एक प्रसिद्ध स्थळ नांवाचीं शेवटचीं अक्षरें बदलून लगेच हजर झालें. (नांवाचें काय! 2024 सालीं आमच्या जिल्ह्याच्या पाट्या बदलल्या, सीना मात्र होती तेथूनच वाहते.) अमेरिकेनें 2002 सालीं कायदा करून मुलांकरितां 'किड्स.यूएस' हा निराळा वाडा बांधला. तेथून बाहेर जाणारें दार नाहीं, आंत गप्पांची सोय नाहीं. मग राहावयास येणार कोण? 2012 सालीं तो बंद पडला. 2022 पासून '.किड्स' हें नवें नांव निघालें आहे. लहानग्यांस त्याचा उपयोग होईल असें मलाही वाटतें; परंतु पाटीआड कोणी जागें असेल तरच. अमेरिकन मिशनच्या मंडळींनीं 1873 सालीं 'बालबोधमेवा' मासिक काढलें. त्या नांवावर विसंबतां येई, कारण नांवामागें एक संपादक होता.

मीं ती यादी काढून टाकविली. धाकट्या वर्गांस आतां शिक्षकांनीं स्वतः वाचलेलींच स्थळें उघडतात. मोठ्यांच्या तासाला आमच्यापैकीं कोणी तरी खोलींत बसतें.

त्या मुलीस मीं दुसऱ्याच दिवशीं बोलावलें होतें व माझ्या यंत्रावर तिच्याशेजारीं बसलें होतें. तिनें तीन पानें वाचलीं, डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्न आईसाठीं मराठींत उतरवून घेतले, आणि वही मिटतांना म्हणाली, "बाई, केस परत येतात असें लिहिलें आहे."